श्रीयुत काहीहोतनाही यांस अनावृत पत्र

राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी

राजमान्य राजेश्री काहीहोतनाही, सर्वाधिकारी, सुरक्षा खाते, मुक्काम जेथे जेथे लोखंड उभे राहात असेल तेथे, यांचे सेवेशी सादर नमस्कार विनंती विशेष.

आपली नेमणूक कोणत्या सालच्या, कोणत्या दप्तराच्या, कोणत्या हुकुमान्वये झाली हे शोधून काढण्याचा मी प्रामाणिक यत्न केला. कारण आयुष्याची तीस वर्षे एका सरकारी कचेरीत अंदाजपत्रके नकलण्यात घालविलेल्या माणसाला मूळ कागद पाहिल्यावाचून चैन पडत नाही. परंतु मस्टरावर आपले नाव नाही, पगारपत्रकात आपला अंगठा नाही, मोजमाप पुस्तिकेत आपल्या सहीचा मागमूस नाही. आणि असे असूनही पायात पहिला फाउंडेशन बोल्ट बसल्यापासून शेवटच्या पत्र्याचा शेवटचा स्क्रू पिळला जाईपर्यंत प्रत्येक शंकेवर अखेरचा निर्णय आपलाच असतो. ‘एकच बोल्ट लावला तर चालेल का,’ असे पोरगा विचारतो. गुत्तेदार आपले नाव घेतो. आणि शंका निकालात निघते. निजामाच्या अमलापासून आमच्या मुलखात नाना तऱ्हेचे अंमलदार होऊन गेले, पण केवळ तोंडी हुकुमावर एवढा मुलूख राखणारा दुसरा कोणी झाला नाही, हे आपल्या विरोधकांनाही (ते फार थोडे आहेत) मान्य करावे लागेल.

आपली कर्तबगारी मी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली ती गेल्या उन्हाळ्यात. आमच्या गावाबाहेर, बालाघाटाच्या उतरणीवरून निघालेला वारा कोठेही न अडता अंगावर येतो अशा उघड्या माळावर, एका मंगल कार्यालयाचा लोखंडी सांगाडा उभा राहात होता. आणि सेवानिवृत्ताला दुसरा उद्योग नसल्यामुळे मी समोरच्या टपरीच्या बाकावर बसून त्या कामाचा बिनपगारी पाहणी अधिकारी झालो होतो. खांब अठरा फुटांचे, वर चाळीस फुटांची कैची. गंगाखेडहून हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, आणलेला; आणि हायड्राचे भाडे तासावर असल्यामुळे, कैचीला किती बोल्ट लागल्यावर हूक सोडायचा हा प्रश्न तेथे घड्याळाकडे पाहून सुटत होता. दोन खांब उभे राहिले, कैची चढली, दोन्ही टोकांना एकेक बोल्ट अडकला, हूक सुटला आणि हायड्रा पुढच्या जोडीकडे वळला. आता दोन पायांवर उभी असलेली अशी चौकट म्हणजे अंगणाच्या मधोमध भिंतीचा आधार न देता उभी केलेली शिडीच. ती पडत नाही याचे श्रेय शिडीकडे जात नाही, वाऱ्याच्या सौजन्याकडे जाते. त्या सौजन्याला हातभार म्हणून मिस्त्रीने दोन्ही अंगांनी ताण दिले. वायररोप नव्हता, म्हणून आमच्या शेजाऱ्याचा बैलाचा कासरा मागून आणला. त्याचे एक टोक बाभळीला बांधले, आणि दुसऱ्या बाजूला झाड नव्हते म्हणून दुसरे टोक जवळच उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरच्या हुकाला बांधले. मी बाकावरून ‘अहो, ट्रॅक्टर कोणाचा आहे?’ असे विचारले, तेव्हा मिळालेल्या उत्तरात, महाराज, आपलेच नाव होते.

ट्रॅक्टर ज्याचा होता तो दुपारी दीड वाजता जेवून आला. त्याला रानात जायचे होते. आपल्या हुकाला कोणाचा तरी कासरा बांधलेला पाहून त्याने, कोणताही सभ्य गृहस्थ करील त्याप्रमाणे, तो सोडला, गाठ मारून खांबाशी व्यवस्थित ठेवला आणि ट्रॅक्टर सुरू केला. वरती विशीतला एक पोरगा कैचीवर घोडा करून बसला होता. अंगात सुरक्षेचा पट्टा होता, पण पट्ट्याचा हूक ज्यात अडकवावा असा आडवा दोर कोणी बांधलाच नसल्यामुळे तो पट्टा त्याने उपरण्यासारखा मिरविला होता. मग बालाघाटावरून एक झुळूक आली. वादळ नव्हे, वाळत घातलेले धोतर उडावे एवढीच. कैची वीतभर कलली, बोल्टाच्या भोकातून करकर असा आवाज आला, आणि तो पोरगा घोरपडीसारखा अँगलला चिकटला. चौघांनी धावत जाऊन कासरा धरला. टपरीवाल्याने हातातली गाळणी टाकून पाचवा हात लावला. ट्रॅक्टर परत बोलाविण्यात आला. सुमारे तीन मिनिटे राणीसावरगावचे एक मंगल कार्यालय पाच माणसांच्या तळहातांवर उभे होते. पोरगा खाली उतरला तेव्हा त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, आणि गुत्तेदार त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘बघ, झालं का काही?’

येथे मला आपल्या शास्त्रपद्धतीचे सौंदर्य प्रथमच उमगले. इतर शास्त्रांत प्रत्यक्ष प्रमाण सिद्धांताला बाधक ठरू शकते. आपल्या शास्त्रात ते नेहमीच साधक ठरते. कैची पडली नाही, म्हणजे ती पडणारच नव्हती; आणि एखादे दिवशी पडलीच, तर तो दैवाचा भाग. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी चिरेबंदी केलेला सिद्धांत न्यायशास्त्राच्या पंडितांनाही साधला नसता.

माझ्या तीस वर्षांच्या नकलनविशीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, ती आपल्या कानावर घालतो. नकाशा काढतात तो पुऱ्या झालेल्या इमारतीचा. वाऱ्याचा दाब मोजतात तो सर्व खांब, सर्व पर्लिन, सर्व तिरपे ताण आपापल्या जागी बसले आहेत असे धरून. पुरा झालेला सांगाडा स्वभावतःच बलवान असतो, कारण त्याचा प्रत्येक अवयव दुसऱ्याला धरून असतो. पण माणूस चढतो तो त्या सांगाड्यावर नव्हे. तो चढतो पहिल्या दिवशीच्या, तिसऱ्या दिवशीच्या, एका बोल्टाच्या, अपुऱ्या वस्तूवर, आणि ही अपुरी वस्तू कोणाच्याही नकाशात नसते. अंदाजपत्रकात लोखंड टनावर, पत्रा चौरस मीटरवर, रंग हातावर मिळतो. उभारणीच्या काळात सांगाडा धरून ठेवणारा ताण, टेकू, आडवा दोर यांची बाब मी एकाही लहान कामाच्या कागदात नकललेली मला आठवत नाही. अभ्यासू लोक ही गोष्ट जाणत नव्हते असे नाही. भारतीय मानक संस्थेने पोलादी सांगाड्यांच्या उभारणीपुरतीच सुरक्षेची एक स्वतंत्र संहिता, क्रमांक ७२०५, १९७४ सालीच प्रसिद्ध केली. खांबाच्या बैठकीला निदान चार बोल्ट असावेत, पहिल्या दोन चौकटी ताणांनी जखडून त्यांची चार पायांची बाज झाल्याशिवाय तिसरीला हात लावू नये, प्रत्येक सांध्यात निदान दोन बोल्ट आवळल्याशिवाय क्रेनचा हूक सोडू नये, वारा भरला की पत्रा वर नेऊ नये कारण हातातला पत्रा हे गलबताचे शीड होते, आणि डोक्यावरून अकरा हजार व्होल्टची तार जात असेल तर लांब अँगल उभा करण्यापूर्वी वर पाहावे, एवढा साधा हा उभारणीचा व्यवहार आहे. यात ज्ञान थोडे लागते, वेळ थोडा अधिक लागतो. आणि जेथे वेळ हायड्राच्या भाड्याने मोजला जातो, तेथे आपली स्वारी हजर होते.

आपला संचार केवळ आमच्या माळरानापुरता असता तर मी हे पत्र लिहिलेच नसते. पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी एक भला थोरला जाहिरात-फलक उतरविण्याचे काम चालले होते. सांगाडा वरून सोडवीत खाली यावे, ते तो खालून कापला जात होता, आणि सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर तो आडवा झाला, चार माणसे गेली. येरवड्याच्या शास्त्रीनगरात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री सळयांची एक अवजड जाळी कोसळली आणि बिहारातून आलेले पाच मजूर तिच्याखाली राहिले. शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर, ३१ जुलै २०२३ ची रात्र उलटताना, तुळया चढविणारे यंत्र तुळईसह खाली आले. वीस माणसे मेली. त्या त्या ठिकाणी कोणाचा किती दोष होता हे ठरविणारे पंच वेगळे आहेत आणि मी त्यांच्या कामात पडत नाही. मी एवढेच पाहतो की तिन्ही ठिकाणी वस्तू पुरी नव्हती; एक अर्धी उतरलेली, दोन अर्ध्या चढलेल्या.

गुत्तेदाराच्या खोलीत एक जुने चित्र टांगलेले आहे, ते बहुधा आपलेच कुलदैवत असावे. न्यूयॉर्क शहरात १९३२ च्या सप्टेंबरात, गगनचुंबी इमारतीच्या एका तुळईवर अकरा लोहार-कामगार पाय अधांतरी सोडून शिदोरी खात बसले आहेत. पट्टा नाही, दोर नाही, शिरस्त्राण नाही. कामगार खरे होते, उंचीही खरी होती, पण ते चित्र इमारतीच्या जाहिरातीकरिता मुद्दाम बसवून काढलेले होते, हे चित्राच्या मालकाला कोणी सांगितलेले दिसत नाही. त्याच देशात, अवघ्या चार-पाच वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पूल पुरा झाला. त्या काळी तिकडच्या पूलवाल्यांत असा हिशेब रूढ होता की दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस मरावयाचाच. आपल्या खात्याचे इतके रोखठोक अंदाजपत्रक मी दुसरे पाहिलेले नाही. या पुलाचा खर्च साडेतीन कोटी डॉलर, म्हणजे हिशेबाने पस्तीस माणसे. पण मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचे केले आणि पुलाखाली दोराची प्रचंड जाळी बांधविली. त्या जाळीत एकोणीस माणसे पडली आणि जिवंत वर आली. फेब्रुवारी १९३७ मध्ये एक अवजड परांची सुटून जाळी फाटली आणि एका दिवसात दहा माणसे गेली, हेही खरे. आपण ते उदाहरण अवश्य द्याल. तरी एकंदर बेरीज अकरा. पस्तिसांतून अकरा गेले तर किती उरतात, ही वजाबाकी चौथीच्या मुलाला येते, आणि त्यात जाळीच्या दोराची किंमत धरली तरी उत्तर बदलत नाही.

आमच्याकडे कायदे नाहीत असा प्रवाद आपण पसरू देऊ नये. बांधकाम मजुरांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला, राज्याने २००७ साली त्याचे नियम केले, कल्याणकारी मंडळ झाले, नोंदलेल्या मजुराला सुरक्षा संचाची पेटीही मिळाली. मात्र त्या कायद्याने दहा किंवा अधिक मजूर ही मर्यादा घातली, आणि तेव्हापासून आमच्या भागातील मस्टरे नवावर येऊन थांबू लागली. दहावा माणूस काम करतो, रोजही घेतो, परंतु दप्तरदृष्ट्या तो जन्माला आलेला नसतो. पेटीतले पिवळे शिरस्त्राण म्हणाल, तर ते मी दोनदा पाहिले: एकदा गंगाखेडच्या रस्त्याने मोटारसायकलवर, आणि एकदा त्या कामावर, उलटे करून दोरीला बांधलेले, त्यात नटबोल्ट भरून वर ओढीत असताना. वरून पडणारा नट डोक्याला लागू नये म्हणून केलेली वस्तू नट वर नेण्याच्या कामी लावणे ही कल्पना मला, खरे सांगतो, काही काळ फार आवडली. वेल्डिंगवाल्याच्या काचेच्या मुखवट्याचेही असेच; तो खुंटीवर, आणि रात्री सुजल्या डोळ्यांवर बटाट्याचे काप.

तरी आता विनंती ती ऐकावी. आपण चिरतरुण असलात तरी फार वर्षे सेवा केली आहे; निवृत्ती घ्यावी. निरोपसमारंभ आम्ही रेणुकामातेच्या आवारात करू, शाल-नारळ देऊ, आणि भाषणांत आपण टाळलेल्या खर्चाचा उल्लेख आवर्जून करू. निवृत्ती पसंत नसेल तर दुसरी तजवीज सुचवितो: यापुढे पहिली कैची चढताना, एका बोल्टावर, ताण सुटलेला असताना, आपण स्वतः तिच्यावर घोडा करून बसावे, आणि पोरग्याने खालून आपले नाव घ्यावे.

कळावे, लोभ आहेच; तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपला,
टपरीच्या बाकावरील पाहणी अधिकारी

ता. क. : मंगल कार्यालय पुरे झाले, पहिले लग्नही लागले. शेजाऱ्याचा कासरा मात्र अद्याप परत आलेला नाही. तो बाभळीला आहे तसाच आहे. त्याची किंमत मागण्यास शेजारी गुत्तेदाराकडे गेला असता, अंदाजपत्रकात दोराची बाबच नसल्यामुळे ती रक्कम देता येत नाही, असे त्याला सांगण्यात आले. पोळ्यापूर्वी त्याला कासरा हवा आहे. तेवढी व्यवस्था करावी.