वरपक्ष जपानचा

जपानी माणसानं व्हिजिटिंग कार्ड दिलं की ते दोन्ही हातांनी घ्यायचं, किंचित वाकायचं, नाव नीट वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवायचं. मागच्या खिशात कोंबून त्यावर बसलात, तर त्या माणसावरच बसल्यासारखं. एका जपानी कंपनीत नव्यानंच लागलेला माझा भाचा सुट्टीला जबलपूरला आला होता आणि हे सगळं आम्हाला शिकवत होता. आमच्याकडे कार्ड लागतं ते त्याच्या कोऱ्या बाजूवर तिसऱ्याच कुणाचा नंबर लिहून घ्यायला, त्यामुळे काका गांगरले. आत्या मात्र शांत. "यात नवीन काय? लग्नपत्रिका आपण अशीच वाचतो. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं गाळलं."

मग शिकवणीची सूत्रं तिनंच हाती घेतली. दारापासून सर्वांत लांबची खुर्ची मोठ्या पाहुण्याची, दाराजवळची सर्वांत कनिष्ठाची. "बरोबर. व्याही आत लोडाशी, मुलीचा मामा दारात, चहा बघायला." बैठकीत म्हणे काहीच ठरत नाही. आधी एकेकाला गाठून, कानाशी लागून सगळं पक्कं झालेलं असतं, बैठकीत नुसत्या माना डोलवायच्या. "याद्याच की रे!" आणि नकार द्यायचा तर तोंडावर नाही म्हणत नाहीत, श्वास आत ओढून 'जरा अवघड आहे' म्हणतात. "पत्रिका जुळत नाही," आत्या म्हणाली. भेटवस्तू देणाऱ्यासमोर उघडायची नाही, हे ऐकून तर ती हसलीच. आहेर कुणी मांडवात फोडतं का?

मला आवडला तो शिक्का. तिथल्या काही कचेऱ्यांत एकाच कागदावर ओळीनं सगळ्यांचे शिक्के उठतात आणि हाताखालचा माणूस आपला शिक्का डावीकडे कलता मारतो, म्हणजे तो साहेबाच्या शिक्क्यापुढे वाकलेला दिसतो. मी सरकारी नोकर. आमच्याकडे माणसं हवी तेवढी वाकतात, पण शाईला वाकवायचं कुणाला सुचलं नाही.

काका उसळले ते गाडीच्या नियमावर. ड्रायव्हर असेल तर मानाची जागा त्याच्या मागची, आणि शेजारची सर्वांत धाकट्याची, असं भाच्यानं सांगितलं. काका व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यानं निस्सानच्या परवान्यावर लष्करासाठी जोंगा बनवली, थेट १९९९पर्यंत. बांधणी जपानी आणि नाव पक्कं इथलं, जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्लीची आद्याक्षरं जोडून केलेलं. काकांपुढे जोंगाबद्दल वाकडा शब्द चालत नाही. "अरे, जोंगात साहेब पुढेच बसतो! म्हणजे इतकी वर्षं आमचे कर्नल-ब्रिगेडियर शिकाऊ पोराच्या जागेवर बसून सलाम घेत होते?" भाच्याकडे उत्तर नव्हतं. धोनीनं २०१९ मध्ये हौसेनं जोंगा घेतली, पण तो ती स्वतः चालवताना दिसला, म्हणून सुटला.

आत्याची बोलती एकदाच बंद झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तोक्योजवळ त्सुकुबा एक्स्प्रेस एका स्टेशनावरून २० सेकंद आधी सुटली, म्हणून रेल्वे कंपनीनं जाहीर माफी मागितली होती. अकरा वाजून सतरा मिनिटांचा मुहूर्त छापून सव्वाबाराला अक्षता टाकणाऱ्या आमच्या घराण्यात याला जोड सापडेना.

भाचा निघाला तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत वाकून निरोप द्यायचा, हा शेवटचा धडा काकांनी मनावर घेतला होता. गाडी सुटायची शिट्टी झाली आणि ते कमरेत वाकले. गाडी दोन हात सरकली आणि थांबली. पुढे सिग्नल नव्हता. भाचा खिडकीतून "आजोबा, उठा" म्हणून खुणावत होता, पण तो दिसत होता ना, म्हणून काका वाकलेलेच. शेवटी चहावाला जवळ आला, त्यानंही खाली वाकून फलाटावर इकडेतिकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "का हुआ बड्डे, कुछ गिर गया का?"