जळालं तेही अस्सल

१२ फेब्रुवारी १९५७ला कोव्हेंट्रीतल्या जग्वारच्या कारखान्याला आग लागली आणि नऊ एक्सकेएसएस गाड्यांचा कोळसा झाला. कंपनीने धीर सोडला नाही. २०१६ साली त्याच नऊ गाड्या पुन्हा बांधायचं जाहीर केलं. प्रत्येकीला दोन हजारांवर रिव्हेट, किंमत दहा लाख पौंडांच्या वर आणि बिरुद ‘नवी अस्सल’! शब्द पाळावा तर असा. याच न्यायाने अलेक्झांड्रियाचे जळालेले ग्रंथही आता छापून घ्यावेत आणि मूळ प्रती म्हणून लिलावात काढावेत. शाई ओली असली तरी चालेल.

एक बारीकसा तपशील राहिला. शर्यतीची डी-टाइप रस्त्यावर चालवता यावी म्हणून एक्सकेएसएस जन्माला आली होती. नव्या अस्सल गाडीला रस्त्यावर धावायची परवानगी नाही.