पा.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. एकादशी, चतुर्थी, प्रदोष ते लोक छापूनच देतात. दुधाचा खाडा मी मांडतो, सिलिंडर लावल्याची तारीख सौ. लिहिते. आणि दर पाच-सहा, कधी आठ दिवसांनी एका चौकटीत लाल शाईने ‘पा.’ लिहिलेलं असतं; त्याखाली वेळ, पहाटे ३.१०. मागच्या वर्षी पुण्याहून विहीणबाई आल्या होत्या. चहा होईस्तोवर त्यांनी ते पान वाचून काढलं आणि फार आदराने विचारलं, “‘पा.’ म्हणजे पारणं का हो? बरंच कडक व्रत दिसतंय तुमचं.”

“पाणी,” मी म्हणालो.

“नको नको, आत्ताच घेतलं,” त्या म्हणाल्या.

मी पुढे काही बोललो नाही. छत्रपती संभाजीनगरात पाणी ‘असतं’ असं कोणी म्हणत नाही, पाणी ‘येतं’. दोन पाण्यांमधल्या दिवसांना ‘गॅप’ म्हणतात, आणि एक दिवस गॅप वाढला ही आमच्याकडे पहिल्या पानावरची बातमी असते. हे सगळं पुण्याच्या माणसाला चहाच्या कपावर समजावणं अवघड. पण बाईंचं तसं फार चुकलं नव्हतं. पाण्याच्या दिवशी आम्ही सोवळ्यातल्यासारखेच वागतो. कोणी गावाला जात नाही. पिंपं, बादल्या, घागरी आदल्या संध्याकाळीच घासून ओळीने मांडलेल्या असतात. रात्री जागरण असतं. आणि सकाळी दहाला सगळं भरून झालं की जे पोहे खातो, त्यांना पारण्याची चव असते.

देव आहे की नाही यावर नोकरीत असताना मी डब्याच्या सुट्टीत पुष्कळ वाद घातलेत, बहुतेक ‘नाही’च्या बाजूने. उभा जन्म हिशेबनिशीत गेला. व्हाउचरशिवाय काही मान्य करायची सवय नाही. निवृत्तीनंतर बाजू बदललेली नाही, आवाज तेवढा खाली आलाय. सूर्योदयात देवाची खूण दिसते असं म्हणणारे लोक असतात. सिडकोत एन-सातला राहून सूर्योदय मीही पुष्कळ पाहिलेत, कारण नळापायी त्या वेळेला जागाच असतो. पण लक्ष तोटीकडे असतं. खरं सांगायचं तर खुणा वाचायचं शिक्षण मला तोटीनेच दिलं.

पहिली खूण म्हणजे लाइनमनची मोटारसायकल. मागे व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी आडवी बांधलेली असते, त्यामुळे गल्लीत वळताना तो जरा रुंद वळण घेतो. “भाऊ, आज का?” असं त्याला प्रत्येक फाटकातून विचारतात. तो कधीही ‘हो’ म्हणत नाही. “बघू,” म्हणतो. देवळात कौल लावला तर डावं-उजवं काहीतरी निश्चित कळतं, इथे तेवढंही नाही. दुसरी खूण हवा. पाणी यायच्या आधी नळ खोकतो. एक दम थांबतो, परत खोकतो. पूर्वी घरातली वडीलधारी माणसं माजघरात शिरण्याआधी खोकत, तसंच. मग एक लाल-गढूळ चूळ पडते, ती कुंडीतल्या तुळशीला. आणि मग धार लागते. त्या क्षणी गल्लीतून कोणीतरी ओरडतं, “पाणी आलं होऽऽ!” पहाटे तीनला. दुसऱ्या कुठल्याही कारणाने त्या वेळी कोणी ओरडलं तर आम्ही काठ्या घेऊन बाहेर पडू. इथे मात्र पटापट दिवे लागतात, आणि दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाला उठतात तशी माणसं हसत उठतात.

आता हे पाणी येतं पैठणहून, आणि इथेच माझी हिशेबनिशी थोडी लटपटते.

पैठण आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. एकनाथ महाराजांचं गाव. सोळाव्या शतकात त्यांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक गडी होता, हे मराठी घरात वेगळं सांगायला नको. विहीणबाईंसाठी एवढंच सांगतो की श्रीखंड म्हणजे इथे चंदन; पुरीबरोबरचं नव्हे. देवपूजेचं गंध उगाळायचा म्हणून तो श्रीखंड्या. त्याचं दुसरं काम पाणी भरायचं. गोदावरीवर जायचं, कावड भरायची, घरातल्या रांजणात आणून ओतायची. बारा वर्षं. आणि तो साक्षात श्रीकृष्ण होता.

भक्ताच्या घरी राबायला आलेल्या देवापुढे कामं कमी होती का? पर्वत उचलून झाला होता, सोन्याची नगरी देऊन झाली होती. पण इथल्या लोकांनी त्याच्या खांद्यावर कावड दिली. जायकवाडी धरणाच्या आधीच्या, विहिरीत खरवडून पाणी काढणाऱ्या मराठवाड्यालाच ही गोष्ट सुचू शकते. कोकणात सुचली असती तर देवाने बारा वर्षं कौलं चाळली असती.

गोष्टीचा शेवटही मोठा चमत्कारिक आहे. द्वारकेत एक ब्राह्मण कृष्णाच्या दर्शनासाठी तप करत बसलेला. त्याला दृष्टांत होतो की इथे काय बसलास, मी पैठणला नाथाघरी श्रीखंड्या म्हणून आहे. तो मजल दरमजल करीत येतो, वाड्यात विचारतो. तेव्हा कुठे घरच्यांना उमगतं, आणि तोवर श्रीखंड्या गेलेला असतो. देवाने पाणी भरलं यात मला फारसं नवल वाटत नाही, एकदा देव मानला की तो काहीही करील. नवल याचं वाटतं की बारा वर्षं घरात कुणाला पत्ता नव्हता. आणि माणूस कोण, तर नाथ! रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतणारे. गाढवात ज्यांना देव दिसला त्यांना पाणक्यात दिसला नाही. मग आम्हाला लाइनमनमध्ये काय दिसणार.

तो रांजण पैठणच्या वाड्यात अजून आहे. फाल्गुनात, तुकाराम बीजेपासून नाथषष्ठीपर्यंत लोक गोदावरीच्या घागरी आणून त्यात ओततात. शेकडो घागरी पडतात तरी तो भरत नाही. गर्दीत खुद्द भगवान घागर घेऊन येतो, त्याची घागर पडली की भरून वाहतो, अशी श्रद्धा आहे. ज्याच्या हातच्या घागरीने तो भरतो त्याचा मोठा मान असतो. मीही एका वर्षी रांगेत उभा राहून, शर्ट भिजवून घागर ओतली. आत डोकावून पाहिलं. पाणी होतं तिथेच. मागच्या बाई म्हणाल्या, “सरका काका पुढं, तुमच्यात नव्हता.”

श्रीखंड्याची नोकरी पुढे सरकारने घेतली. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. जलाशयाला नाव दिलं नाथसागर, म्हणजे हाताखालच्या गड्याचं श्रेय परत मालकालाच. सत्तावीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की अर्धं शहर गाड्या काढून बघायला जातं. पाणी साठवायला जागा २९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला २१७१ ‘जिवंत साठा’ आणि ७३८ ‘मृतसाठा’. हे शब्द पाटबंधारे खात्याचे, माझे नव्हेत. २०१६च्या आणि २०१९च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला आणि अख्खं शहर मृतावर जगलं. आत्मा अमर असल्याचा याहून सरकारी पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

गंमत अशी की पाणी खाली वाहतं हा नियम सगळ्या जगाला, आमच्याकडे ते चढतं. धरण काठोकाठ भरलं तरी शहर त्याच्याहून तीनशे फूट उंच. म्हणून पंपांनी उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीला उंचावर चढवायचं आणि तिथून शहरात सोडायचं. पाणी आधी नक्षत्रवाडीला जातं आणि मग खाली आमच्याकडे उतरतं, हे वाक्य मी पाहुण्यांना मुद्दाम ऐकवतो. यात कुठेही वीज गेली की शटडाऊन. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने डोंगराकडचं पाणी उतारावरून नहरीने शहरात खेळवलं, मोटार नाही, वीज नाही. पाणचक्कीला आजही तशाच एका नहरीचं पाणी पडताना पाहिलं की वाटतं, त्या हबशी वजिराला निदान आमच्या वॉर्डाची गटारं तरी बघायला लावायला हवी होती. असो.

नाथांची आणखी एक गोष्ट मला श्रीखंड्याहून जवळची, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. तरुणपणी ते देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहीत. एकदा एका पैची चूक लागेना. रात्रभर दिव्याशी बसले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैसाठी एवढं, मग हेच लक्ष तिकडे लागलं तर? लोक त्यातलं उत्तरार्धातलं तात्पर्य घेतात. मी ती टाळी घेतो.

तर आमच्या हिशेबात एकदा अशीच पै लागेना.

गेल्या मे महिन्यात लातूरला भाच्याचं लग्न होतं. नेमका गॅप संपायचा दिवस. जाऊ नये असं मी हळूच सुचवून पाहिलं, सौ.ने फक्त पाहिलं माझ्याकडे. तीन दिवसांनी दुपारी परतलो तेव्हा रिक्षातच आमची मांडणी चालली होती: पिण्याला अर्धं पिंप, अंघोळी एकाआड एक, भांड्यांना टँकर. फाटक उघडून हौदाचं झाकण उचललं तर पाणी काठोकाठ. मागच्या अंगणातली दोन्ही पिंपं भरलेली. त्यावर झाकणं, आणि मांजरीने पाडू नयेत म्हणून झाकणांवर एकेक वीट. कुंड्यांतली मातीसुद्धा ओली.

आता यात एक मेख आहे. आमच्या हौदाचा बॉल कॉक खराब आहे. अर्ध्यात अडकतो आणि धार बंद होते. हौदाच्या तोंडाशी पालथं पडून, हात आत घालून, त्याची दांडी पाणी असेस्तोवर दाबून धरावी लागते. ही विद्या घरात दोघांनाच ठाऊक. म्हणजे पहाटे कोणीतरी तासभर आमच्या हौदावर पालथं पडून होतं.

मी चौकशी लावली. शेजारचे अण्णा म्हणाले, “मला वाटलं समोरच्या आपांनी भरलं.” आपा म्हणाल्या, “हम तो समझे अण्णाने भरा.” कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला की असेल आपांचा मुन्ना. मुन्ना त्या आठवड्यात जालन्याला होता. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या परभणीकडच्या पोराला मी यादीतून आधीच वगळलं होतं. तो गाडी फाटकाला आडवी लावतो यावरून लग्नाला निघायच्या आदल्याच दिवशी मी त्याला जिन्यात उभं करून बोललो होतो. जरा जास्तच बोललो होतो. जमेला हौदभर पाणी, नाव कोणाचंच नाही. असली खतावणी मी नोकरीत एक दिवस खपवून घेतली नसती.

सौ.ने देवापुढे दिवा लावला. “श्रीखंड्या,” ती म्हणाली.

“श्रीखंड्या झाकणावर वीट ठेवत नाही,” मी म्हणालो.

“का नाही? बारा वर्षं कामाला होता. एवढं कळत नसेल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आषाढ लागला. एका संध्याकाळी तो वरचा पोरगा भाडं द्यायला खाली आला. पैसे मोजून दिले, जायला वळला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाला, “काका, तेवढा बॉल कॉक बदलून घ्या बरं. दांडी लई घट्ट आहे. तासभर धरली की बोटं मिटत नाहीत.”

मी चष्मा काढला. त्याच्याही लक्षात आलं. तो चपलेकडे बघायला लागला.

मला काय बोलावं सुचेना. माफी मागायची तर सवय नाही, आभार मानायचे तर दोन महिने उशीर झालेला. माझ्या तोंडातून जे निघालं ते हिशेबनिसाचंच होतं: “किती वाजता आलं होतं?”

“दोन चाळीसला,” तो म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला.

मी आत आलो. कालनिर्णयाची पानं मागे उलटली, मे महिना काढला, त्या तारखेच्या मोकळ्या चौकटीत लाल शाईने लिहिलं: पा., पहाटे २.४०. सौ. पोळ्या लाटत होती. तिने टाळीचा आवाज ऐकला, तिला वाटलं मी डास मारला.

बॉल कॉक बदलून घेतला. गाडी अजून फाटकाला आडवीच असते.