उलथनं खरेदी करताना घ्यावयाची दक्षता

मराठी घरात उलथनं कुणी निवडत नाही. ते येतं. आहेरात येतं, वास्तुशांतीला येतं, कुकरवर फुकट येतं. आणि बऱ्याचदा पळी, डाव, झारा, भातवाढी यांच्यासोबत पाचांच्या संचात, भिंतीला ठोकायच्या दांडीसकट येतं. मिक्सर घेताना वॉट विचारणारी, फ्रिजवरचे तारे मोजणारी माणसं उलथन्यापाशी आली की एकाएकी विरक्त होतात. "कुठलंही द्या हो, चालेल," म्हणतात. चालत नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावरच्या पहिल्या धिरड्याला कळतं. धिरडं बिचारं तक्रार करत नाही, नुसतं दुमडतं, आणि घरातला कर्ता इसम पिठात पाणी जास्त झालं असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

सबब हे मार्गदर्शन. रोजच्या स्वयंपाकात धातूचं उलथनं वापरणाऱ्या सर्व सज्ञान व्यक्तींना ते लागू आहे. नॉनस्टिक तवेवाल्यांनी मात्र इथूनच रजा घ्यावी. त्या तव्यांवर बहुधा टेफ्लॉनचा लेप असतो. १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या हाती हा पदार्थ निव्वळ अपघातानं लागला. त्याला काही चिकटत नाही हे खरं, पण स्टीलची कड लागली की ओरखडा उठतो. अशा घरांसाठी लाकूड आहे, सिलिकॉन आहे. त्याबद्दल आम्हाला मत नाही. दोन्ही प्रकारचे तवे एकाच ओट्यावर नांदवायचे असतील तर पाहुण्यांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, एवढंच सुचवतो. मदतीला आलेला पाहुणा हमखास चुकीचं उलथनं उचलतो, आणि वर "बसा हो तुम्ही" असं म्हणतो.

आता पूर्वतयारी. उलथनं दुकानात निवडायचं असतं हा सार्वत्रिक गैरसमज आहे. त्याची निवड तव्यानं आधीच करून ठेवलेली असते, आपण फक्त ती शोधून काढायची. पोळीचा लोखंडी तवा मध्यभागी खोलगट असतो. बिडाचा धिरड्याचा तवा सपाट असल्याचा दावा करतो. ॲल्युमिनियमचा डोशाचा तवा वर्षानुवर्षं मोठ्या आचेवर राहिला की पोटातून वर येतो. मुलांच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी तव्यावर उभी धरा आणि ट्यूबलाइटच्या दिशेनं डोळा लावून पट्टीखालून उजेड कुठे येतो ते पाहा. तवा खोलगट असेल तर सरळ कडेचं उलथनं फक्त दोन कोपऱ्यांवर टेकतं, मधला भाग अधांतरी राहतो आणि थालीपीठाच्या खाली जाण्याऐवजी पोटात घुसतो. तवा फुगीर असेल तर उलटं: मध्य टेकतो, कोपरे हवेत. या मोजणीच्या वेळी घरच्यांनी काही विचारलं तर उत्तर देऊ नये, चर्चा वाढते.

मोजणीवर विसंबायचं नसेल तर सरळ तवाच दुकानात न्यावा. आम्ही तर हेच सुचवू. आदल्या रात्री घासून, कोरडा करून, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवावा. बिडाचा असेल तर स्कूटरच्या हुकाला लटकवू नये. बीड पडलं तर वाकत नाही, तडकतं, आणि मग उलथन्याचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

कुठे जायचं? पुणेकरांनी तुळशीबागेत, मुंबईकरांनी भुलेश्वरकडे, नाशिककरांनी भांडीबाजारात, नागपूरकरांनी इतवारीत. नागपूरकडे उलथन्याला सराटा म्हणतात, तिथे तोच मागावा. मॉलमध्ये जाऊ नये. तिथे उलथनं पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या पट्टीनं जखडलेलं असतं. कडेला बोट लावता येत नाही, आणि वाकवून पाहिलं तर सुरक्षारक्षक जवळ येऊन उभा राहतो.

भांड्यांच्या दुकानातला संवाद साधारण असा होतो.

"काय दाखवू ताई?"

"उलथनं."

"हे घ्या. सगळे हेच नेतात."

यावर काही न बोलता पिशवीतून तवा काढून काउंटरवर ठेवावा.

"तवा परत घेत नाही हो आम्ही."

इथे खचून जाऊ नये. शांतपणे दहा-बारा उलथनी काढायला सांगावी. एकाच खोक्यातली दोन उलथनीसुद्धा सहसा सारखी निघत नाहीत. कुणाचं पातं डावीकडे कललेलं असतं, कुणाची मान जास्त मुरडलेली. ती एकेक करून तव्यावर टेकवायची, बाहेरून आत सरकवायची, आणि आवाज ऐकायचा. कड सगळीकडून टेकली असेल तर एकसारखी खरखर येते. अधूनमधून आवाज तुटला की ते उलथनं बाजूला.

आता पात्याकडे येऊ, कारण बाकी सगळा तपशील आहे आणि पातं हा विषय आहे. जाडी आधी पाहावी. भांडीवाले जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ असतो. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. "बावीस गेज आहे, भारी आहे," असं कुणी सांगितलं तर आदरानं मान डोलवावी आणि पुढचं उलथनं मागावं. फार पातळ पातं शिऱ्यात वाकतं; फार जाड पातं तव्यावरचं काही उचलतच नाही, फक्त पुढे ढकलतं. आमच्या मते मानेपाशी मिलिमीटरभर जाड आणि कडेकडे निमुळतं होत गेलेलं पातं उत्तम. असं पातं घासून काढावं लागतं, म्हणून ते महाग असतं आणि म्हणूनच संचात कधी सापडत नाही.

हे निमुळतेपण कशाला लागतं, ते थालीपीठावरून कळेल. तव्यावर थापलेल्या थालीपीठाला बोटानं भोकं पाडलेली आहेत, भोकांत तेल सोडलंय, झाकण नुकतंच काढलंय आणि कडेनं तेल बारीक बुडबुडतंय. उलथनं बाहेरून आत घाला. पहिली दोन बोटं अंतर ते सुखानं जातं, कारण कडेला तेल पोचलेलं असतं आणि थालीपीठ आधीच सुटलेलं असतं. मग पहिलं भोक येतं. भोकाच्या काठाशी भाजणी दाबून पातळ झालेली असते, तिथेच ती तव्याला घट्ट धरते, आणि बहुतेक वेळा एखादी कांद्याची चीर नेमकी तिथेच करपून बसलेली असते. पातळ कड त्या चिरेच्या खालून जाते, खर्र असा लहानसा आवाज होतो आणि अख्खं थालीपीठ सुटून पात्यावर येतं. जाड कड त्या चिरेला वरून भिडते, मागचा भाग सरकत येतो, आणि थालीपीठाची घडी पडते. मग त्याला "मुलांना असंच आवडतं" असं म्हणून ताटात वाढावं लागतं.

कड बोटानं तपासण्याची एक पद्धत आहे. नखावर कड आडवी सरकवा. नख कापलं जाऊ नये, पण कड जाणवली पाहिजे. कुठे टोचलं तर पत्रा कापताना राहिलेली धातूची कूस आहे असं समजावं; ती एक तर तव्यात जाते, नाही तर पोटात. काही उलथन्यांची कड सुरक्षिततेसाठी आत वळवलेली असते. ती वाढायला चांगली, उलथायला निरुपयोगी.

रुंदी चार बोटं पुरे. कोपऱ्यांचं मात्र दुखणं आहे. सपाट तव्याला सरळ कड आणि जवळजवळ काटकोनी कोपरे लागतात, कढईला गोल. गोल कोपऱ्यांशिवाय कढईच्या तळाचा रवा एकसारखा हलत नाही, शिऱ्यात मधूनच तांबूस ठिपके येतात. उलट पिठल्याची खरवड काढायची तर कडेला चांगली धार हवी, आणि ज्या घरात खरवडीवरून भांडणं होतात तिथे ती पूर्ण निघालेली बरी. एकच उलथनं ही दोन्ही कामं करील असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दोन घ्यावीत. पात्याला भोकं असलेलं तिसरं कुणी गळ्यात मारायला आलं तर वडे-कटलेट रोज होतात का, एवढं स्वतःला विचारावं. भोकांत पिठलं वाळलं की ते टाचणीनं काढावं लागतं.

जोड. पातं आणि दांडा एकाच पत्र्याचे असतील तर प्रश्न मिटला. वेगळे असतील तर रिव्हेट आहेत की वेल्डिंगचे दोन ठिपके, ते बघा. दोन ठिपक्यांचा जोड बेसन भाजायला फार दिवस पुरत नाही. उलथनं कानाशी धरून पात्यावर टिचकी मारा. घट्ट जोड टणकन वाजतो, सैल जोड कुरकुरतो. दुकानातली इतर गिऱ्हाइकं या वेळी पाहत असतील. पाहू द्यावं.

दुकानदार इथे हमखास "सेलम आहे" असं म्हणेल. तमिळनाडूत सेलमला सरकारी पोलाद कारखाना आहे, त्याचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा नावाजलेला आहे, आणि भांडीबाजारात त्या गावाच्या नावावर काय काय खपतं हे सेलमच्या लोकांना कळलं तर ते थक्क होतील. मग काही धोरणी गिऱ्हाइकं खिशातून लोहचुंबक काढतात. ही परीक्षा दिसायला शास्त्रीय आहे, पण तिचा उपयोग बेताचाच. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं ३०४ जातीचं स्टील चुंबकाला सहसा दाद देत नाही. पण निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं स्वस्त २०२ सुद्धा देत नाही. वर अस्सल ३०४ चा पत्रा जिथे दाबून मुरडलेला असतो तिथे चुंबक किंचित ओढूही शकतो. राहिलं ४३० : त्यात निकेल जवळपास नसतंच, चुंबक त्याला कडकडून मिठी मारतो, आणि तरी उलथन्यासाठी ते ठीक आहे, फक्त मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवू नये. थोडक्यात चुंबक घरी फ्रिजवरच राहू द्यावा. हॅरी ब्रेअर्ली १९१३ मध्ये शेफिल्डला बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता, त्यातून हे न गंजणारं स्टील निघालं. त्याला थालीपीठाची कल्पना नव्हती, तरी काम चोख करून ठेवलंय.

ज्यांना गंजाची भीती नाही त्यांनी लोखंडी उलथनं जरूर घ्यावं. आठवडी बाजारात घिसाडी पाल टाकून बसतात, त्यांच्याकडे मिळतं. त्याची कड ऐरणीवर ठोकून पातळ केलेली असते, आणि तव्याची गोलाई सांगितली तर तिथल्या तिथे दोन ठोके घालून ते जुळवूनही देतात; कुठल्याही ब्रँडची ही सेवा नाही. धुतल्यावर लगेच कोरडं करून तेलाचं बोट फिरवलं की झालं. चिंचेच्या आमटीत मात्र घालू नये, आमटी काळी पडते. पितळी उलथनं दिसायला देखणं, पण आंबटाशी त्याचं जमत नाही. कल्हई करून घ्यावी, तर उलथन्याच्या रोजच्या घासटण्यात ती टिकत नाही. ते भिंतीवर छान दिसतं. तिथेच असावं.

दांड्याचं फार सांगण्यासारखं नाही. प्लास्टिकची मूठ बर्नरला टेकली की वितळते, आणि ती कधी ना कधी टेकतेच. ॲल्युमिनियमचा दांडा लवकर तापतो, कारण ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून अधिक चांगलं उष्णतावाहक आहे. पोकळ दांड्याच्या टोकाला भोक असेल तर धुताना आत पाणी जातं, आणि ते नेमकं तापल्या तेलावर ठिबकतं. तोल मात्र दुकानातच बघून घ्यावा. पातं तव्यावर आणि दांडा बाहेर असं उलथनं ठेवून हात सोडावा. मूठ जड असेल तर ते उलटून फरशीवर पडतं, आणि ही घटना घरी नेहमी दुपारी दोनला, खालच्या मजल्यावरचे लोक वामकुक्षी घेत असताना घडते. डावखुऱ्यांनी आणखी एक पाहावं. काही उलथन्यांची कड तिरपी असते आणि ती उजव्या हाताच्या हिशोबानं कापलेली असते. डाव्या हातात तिचं एकच टोक टेकतं.

किंमत ठरली की दुकानदार विचारतो, "नाव घालू का?" घालावं. पण पात्यावर नको. नाव कोरायच्या यंत्राचे बारीक ठिपके खोल असतात, त्यांत पीठ बसतं आणि महिन्याभरानं आडनावाला बुरशी येते. दांड्याच्या मागल्या बाजूला घालावं. कुणाचं, हा जुना वाद आहे. परंपरेनं घरातल्या पुरुषाची आद्याक्षरं आणि आडनाव पडतं, मग त्यानं उलथनं उभ्या जन्मात हातात धरलेलं असो वा नसो. आमची शिफारस अशी की ज्याचा हात तव्यापाशी, त्याचंच नाव. दोघं करत असाल तर दोन उलथनी घ्यायला आधीच सांगितलंय. यंत्र घरघरत असताना मात्र तवा काउंटरवर ठेवू नका, पिशवीत भरा. मागून आलेलं गिऱ्हाईक त्याची किंमत विचारायला लागतं, आणि दुकानदार सांगतोही.