जावयाला सुडो नाही

जन्मभर तलाठी राहिलेल्या माणसाला लिनक्स शिकवावं लागत नाही, फक्त दाखवावं लागतं. गंगाखेडच्या आमच्या काकांच्या बाबतीत तरी हे खरं आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, काकांच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला 11 पेलेना, म्हणून मी त्यावर डेबियन चढवलं.

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. मला वाटलं काका वैतागतील. ते खूश झाले. ‘‘किती अक्षरं हायत ते बी शेजारच्याला कळू नये, हे बरोबर हाय,’’ म्हणाले, आणि वरून बोटांवर उपरणं टाकलं.

मग सॉफ्टवेअर कुठून येतं ते सांगितलं. डेबियनच्या भांडारात पॅकेजांची यादी असते, तिच्यावर डेबियनची डिजिटल सही असते. पॅकेजं बसवणारं एपीटी हे साधन आधी सही तपासतं, मग उतरवलेल्या प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे त्याचा डिजिटल ठसा, यादीतल्या हॅशशी जुळवतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की अडवणूक.

‘‘म्हंजे वरच्या कागदावर सही, अन् खालच्या एकेका नकलेचा ताळा,’’ काका म्हणाले. डिजिटल सहीचा सातबारा पाहिलेला माणूस. त्याला आणखी काय सांगायचं?

अधिक महिन्यात जावईबापू पुण्याहून धोंड्याच्या जेवणाला आले. आयटीतले. गोदावरीचं स्नान, पुरणाचे धोंडे, अंगठी असं सगळं यथासांग झालं. पोट भरल्यावर त्यांनी लॅपटॉप ओढला. ‘‘मामा, इतकं कशाला? इंटरनेटवरची एक ओळ चिकटवायची. स्क्रिप्ट उतरते आणि रूटच्या, म्हणजे पूर्ण, अधिकारानं तिथंच चालते.’’

‘‘वाचायच्या आधीच सही?’’ काकांचा आवाज चढला. असल्या सह्यांची त्यांनी आयुष्यात बरीच रजिस्टरं पाहिली होती.

जावई चिडले. त्यांनी फायली आवळणाऱ्या एक्सझेड या साधनाचं 2024 चं प्रकरण काढलं: दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवलेल्या माणसानं त्या साधनात चोरदार बसवलं होतं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड खोदत बसले, तेव्हा सापडलं. तुमच्या सहीचा काय उपयोग?

काका गप्प झाले. शिक्का खरा आणि माणूस खोटा, हे त्यांना नवीन नव्हतं. ‘‘आपल्या डेबियनात आलं व्हतं?’’ स्थिर आवृत्तीत नाही, मी म्हणालो. चाचणीच्या आवृत्त्यांतच पकडलं गेलं. ‘‘मंग चौकशी झालीच की,’’ काका म्हणाले. पण अर्ध्या सेकंदाच्या उशिराची कुणी चौकशी करतं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मग जावयांना त्या लॅपटॉपवर वेगळं, साधं खातं काढून दिलं. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार मागणारी आज्ञा, मारून पाहिली. उत्तर आलं: तुमचं नाव यादीत नाही, हा प्रकार प्रशासकाला कळवण्यात आला आहे. प्रशासक शेजारीच अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते.

‘‘मामा, निदान व्हीएलसी तरी टाकून द्या.’’

‘‘अर्ज द्या.’’

जावयांनी थट्टेत खरंच अर्ज लिहिला. काकांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि कोर्ट फी तिकीट नाही म्हणून परत केला.