पाटी त्यांची, कर्ज आपलं

अमरावतीत राजकमल चौकापासून बडनेरा रोडपर्यंत आणि अकोल्यात जठारपेठेपासून गोरक्षण रोडपर्यंत एकच प्रकार चालू आहे. गाळ्यावर झगझगीत पाटी लागते, काही महिन्यांनी उतरते आणि त्याच गाळ्यावर दुसरी चढते. चहा, बर्गर, पिझ्झा, वडापाव, मोमो. पाटी उतरली तरी पुण्या-मुंबईच्या ब्रँडला खरचटतही नाही. बुडतात ते बापाच्या ग्रॅच्युइटीचे पैसे, बायकोचं सोनं, विकलेलं दोन एकर शेत. पोरांनी धंदा करावा, जरूर करावा. माझा राग आहे तो त्यांच्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या करारावर.

पहिली गोष्ट, रॉयल्टी विक्रीवर असते. नफा झाला की नाही, हे कुणी विचारत नाही.

समजा, महिन्याचा गल्ला 3 लाख आणि रॉयल्टी 6 टक्के. झाले 18,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,240. दुकान तोट्यात असलं तरी 21,240 रुपये जाणारच. कापडवाला किंवा हार्डवेअरवाला म्हणेल, जीएसटी वळता करून घे. खानावळीला ते जमत नाही. 15 नोव्हेंबर 2017पासून साध्या रेस्टॉरंटने ग्राहकाकडून 5 टक्के घ्यायचे आणि इनपुट क्रेडिटवर पाणी सोडायचं, असा नियम आहे. मशीन, फर्निचर, रॉयल्टी, सगळ्यावर भरलेला कर थेट खर्चात जमा होतो. शिवाय प्रीमिक्स, सॉस, फ्रोझन टिक्की कंपनीकडूनच घ्यायची, कंपनी सांगेल त्या भावाने. म्हणजे माल विकतानाही कंपनी कमावते आणि तो माल खपल्यावर पुन्हा रॉयल्टी घेते. तुमच्या वाट्याला उरतं ते एवढंच: भाडं, पगार, वीजबिल, बँकेचा हप्ता.

दुसरी गोष्ट, हंगाम. प्रोजेक्शनच्या चकचकीत कागदावर बारा महिने सारखे असतात. वऱ्हाडात पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीन-कापूस घरी आल्यावर येतो. 2024-25च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास मिळत होते. त्या वर्षी शेतकऱ्याच्या घरात बर्गर कुठून येणार? शेतकऱ्याचा खिसा रिकामा झाला की कृषी सेवा केंद्र, कापड दुकान, मोटारसायकलची शोरूम सगळेच हात आखडतात आणि संध्याकाळी बाहेर खायला निघणारं कुटुंब घरी थांबतं. मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की दुपारी बारा ते पाच अकोल्याचा रस्ता ओस असतो, एसी मात्र चालूच ठेवावा लागतो. श्रावणात अर्ध्या गावाचं मांसाहाराशी वाकडं. गुरुवार हा गजानन महाराजांचा वार, कितीतरी घरांत पाळतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला निघतात, तेव्हा सगळं अकोला रस्त्यावर असतं आणि भंडारे, फराळाचे मंडप जागोजागी. मुंबईत बसून गणित मांडणाऱ्याला यातलं काय ठाऊक असणार?

आणि महामार्ग. जून 2022मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता उत्तम झाला, त्याचा आनंदच आहे. पण गाड्या आता न थांबता सुसाट जातात आणि भूक लागली तर हायवेवरच्या ढाब्याला वळतात. गावातला गाळा पाच वर्षांच्या लॉक-इनवर घेताना हा हिशेब कुणी केला होता?

तिसरी गोष्ट सगळ्यात जाचक: चूक दुसऱ्याची, शिक्षा तुम्हाला. अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) एका मॅकडोनल्ड्सचा परवाना चीजच्या प्रश्नावरून निलंबित केला. आम्ही खरंच चीज वापरतो, असं कंपनी ठामपणे सांगत राहिली. तरी फेब्रुवारी 2024मध्ये बातमी फुटली तोवर राज्यभरातल्या मेन्यूमधल्या पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ गेलं होतं. कारवाई एका आउटलेटवर, पाट्या बदलल्या सगळ्या महाराष्ट्रात. त्याआधी सप्टेंबर 2019मध्ये येवले अमृततुल्यच्या पुण्यातल्या उत्पादनावर, वेष्टनावर घटकांची माहिती नसल्याच्या कारणावरून, याच प्रशासनाने बोट ठेवलं. तेव्हा चौकशी पुण्यात आणि ‘काय बावा, तुमच्या चहात काय निघालं?’ हा प्रश्न राज्यभरच्या काउंटरवर. उत्तर द्यायला उभा कोण? ज्याने कंपनीची चहा पावडर फक्त पाण्यात उकळली तो.

भांडण लागलं तर? विक्रम बक्षी यांचं उदाहरण घ्या. उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनल्ड्समध्ये त्यांची निम्मी भागीदारी होती. 2013मध्ये त्यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून काढलं, ऑगस्ट 2017मध्ये 169 रेस्टॉरंटचा करारच रद्द केला, तडजोड झाली मे 2019मध्ये. सहा वर्षं. दिल्लीचे बडे वकील हाताशी असलेल्या माणसाची ही गत. आपल्या गाडगेनगरच्या पोराच्या करारात तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, वाद झाल्यास न्यायक्षेत्र पुणे. तो तारखेला जाणार की दुकान उघडणार?

हे लिहिलं की लोक म्हणतात, ‘ब्रँड हाये ना भाऊ, चालतेच.’ कसं काय चालते? शेगावची कचोरी 1950च्या सुमाराला तीरथराम शर्मांनी रेल्वे स्टेशनवर सुरू केली. आज महाराष्ट्रभर ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या आहेत, त्यातल्या कितीतरी कुणाची परवानगी न घेता लागलेल्या. अशा पाटीखाली चव नसली तर शेगावचं नाव तरी त्या दुकानाला किती दिवस तारील? अमरावतीचा गिला वडा तर कुणाच्या ब्रँडचा नाही. ज्याचा चांगला, त्याच्याकडे गर्दी. रॉयल्टी नाही, लॉक-इन नाही, त्यामुळे बाजार पडला तर वडेवाला उद्यापासून घाणा लहान करतो. फ्रँचायझीवाल्याला तेवढीही मोकळीक नाही.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्यावर 1979पासून केंद्रीय नियम आहे. सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी खुलाशाचा दस्तऐवज हातात द्यावाच लागतो. त्यात कंपनीवरचे खटले, किती शाखा उघडल्या, किती बंद पडल्या, आणि सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा करायचा, तेही. आपल्याकडे फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदाच नाही. 1872च्या करार कायद्यावर सगळं चाललंय. बरं, समोरचा खरा ब्रँडच आहे याची तरी खात्री कुठे? फ्रँचायझीच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध खुद्द अमूलला 2020मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं.

दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल, आपले खासदार तो मागतील तर लवकर होईल. तोवर एक काम अकोल्याच्या विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्सने आणि अमरावतीच्या व्यापारी संघटनांनी हाती घ्यावं. दोन्ही जिल्ह्यांत बंद पडलेल्या फ्रँचायझी दुकानांची एक वही ठेवावी. ब्रँड कोणता, डिपॉझिट किती होतं, परत किती मिळालं, दुकान किती महिने चाललं, मालक आज बोलायला तयार आहे का. नव्या पोराने सही करण्याआधी ती वही चाळावी, त्यातल्या दोघांच्या घरी जाऊन चहा घ्यावा, आणि चालू असलेल्या एखाद्या आउटलेटच्या गल्ल्याशेजारी दिवाळीत नव्हे, जूनच्या पेरणीत आठवडाभर बसावं. पेरणीच्या दिवसांतलं तिथलं बिलबुक दाखवायला कंपनी नकार देत असेल, तर डिपॉझिटचा चेक फाडू नये.