मधुभाऊ सुटले का?

पुण्यात संध्याकाळ सगळ्यांची एकाच वेळी होते म्हणे. आमच्या निगडीच्या यमुनानगरात ती घरागणिक होते. फर्स्ट शिफ्टवाल्याची दुपारी चारला, कंपनीची बस भक्ती-शक्ती चौकात थांबली की. जनरलवाल्याची, तो चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीतून सुटेल तेव्हा. सेकंडवाल्याची रात्री साडेबारानंतर, ताटावरचं झाकण काढताना. नाइटवाला तर दिवेलागणीला दात घासत दारात उभा असतो. त्याला "चहा झाला का?" विचारावं की "जेवलात का?", हे मला अजून कळलेलं नाही.

आमची घरं प्राधिकरणाची. नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली निघालं ते मुळात कामगारांना आवाक्यातली घरं मिळावीत म्हणून. पुढे लोकांनी त्यांवर मजले चढवले, वर भाडेकरू ठेवले, पण माझ्या आणि खानदेशी वहिनींच्या घरामधली भिंत होती तेवढीच राहिली, कमरेएवढी. ती वाढवायचा विषय निघाला की अर्धा खर्च कोणी द्यायचा यावर अडतो. देवाच्या दयेने असाच अडो. कारण ज्याची संध्याकाळ हुकली त्याला ती या भिंतीवरच परत मिळते.

आता वहिनींच्या मालकांचंच घ्या. भोसरीत सीएनसी मशीनवर आहेत. सेकंड शिफ्ट करून माणूस रात्री घरी येतो, बूट काढतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मधुभाऊ सुटले का?"

"पोरं जेवली का, नाही. तुझं डोकं दुखत होतं ते थांबलं का, नाही. मधुभाऊ सुटले का!" वहिनी भिंतीवर भाजीचं ताट ठेवून मला सांगत होत्या. "ठरलं तर मग" मालिकेतली मधुभाऊंची केस तेव्हा रंगात होती. आश्रमातला सज्जन म्हातारा तुरुंगात, त्याला सोडवायला सायलीने वकिलाशी केलेलं करारातलं लग्न, आणि दर दोन दिवसांनी नवा साक्षीदार.

"अहो, ॲपवर सगळे भाग असतात की. फोनवर बघा म्हणावं."

"म्हटलं ना. तर म्हणतात, बघायला लागलं की झोप येते. तू सांग."

मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. वहिनींची मालिका मूळ मालिकेपेक्षा चांगली असते. त्यात जाहिराती नसतात, एकाच चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा आपटत नाही, आणि न पटलेली गोष्ट वहिनी स्वतःच दुरुस्त करून सांगतात. एकदा तर त्यांनी सायलीला असं काही खणखणीत उत्तर द्यायला लावलं की दुसऱ्या दिवशी मालकांनी कंपनीच्या बसमध्ये ते सगळ्यांना ऐकवलं. ज्याच्या बायकोने तो भाग खरोखर बघितला होता असा एक जण म्हणाला, असं काही झालंच नाही. बसमध्ये त्यावरून नाशिक फाट्यापर्यंत तरी भांडण पुरलं.

तिसरी आमची लातूरची. ती आता भिंतीशी नसते, भिंतीवर असते. पूर्वी वहिनींकडे वरच्या खोल्यांत भाड्याने राहायची. नवऱ्याची नोकरी चाकणच्या पट्ट्यात, जाण्यायेण्यातच त्याचा दिवस जायचा, म्हणून त्यांनी चाकणलाच फ्लॅट घेतला. पण सात वाजले की तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि वहिनी फोन तुळशीच्या कुंडीला टेकवून उभा करतात. तिकडे ती पोळ्या लाटत असते, इकडे आम्ही शेंगा सोलत असतो. मध्येच तिचा चेहरा जातो आणि नुसतं छत दिसतं. मग कुकरच्या शिट्ट्यांवरून ताडायचं की बाई अजून आहेत.

"मावशी, तुमच्याकडं आज पाणी का?"

"आज नाही, उद्या."

"तरी बरं की. हितं नुसते टँकर."

आमच्या शहरात 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं. पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून शुद्ध होतं ते इथेच निगडीत, सेक्टर 23 मध्ये, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एवढ्या जवळ राहूनही बादल्या भरायच्या त्या भरायच्याच. आणि ते नेमकं येतं कधी, तर मालिकेत कोणीतरी जिन्यावरून कोणाला ढकलत असताना.

"कांदे काय भाव गं तुमच्याकडे?" वहिनींनी विचारलं. चाकणचा कांद्याचा बाजार म्हणजे नावाजलेला, तेव्हा तिथे तरी स्वस्त असेल अशी त्यांची समजूत.

"तुमच्याच भावानं हाय. चाकणमधी राहून काय उपेग, कांदा काय माझ्याकडं वळख ठिवतोय?"

एवढ्यात काठी टेकत नाना आले. नाना पलीकडच्या घरातले, कंपनीतून निवृत्त, मूळचे खेड तालुक्यातले. त्यांची फेरी आमच्या भिंतीपाशी थांबते आणि डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास चालण्यातला वीस मिनिटांचा वाटा उभ्याने संपतो.

"चाललंय का कोर्ट?" त्यांनी विचारलं. मालिकेला ते कोर्टच म्हणतात.

नानांना मालिकांचा राग आहे असं नाही. त्यांनी टीव्ही फार आधीपासून बघितलाय. 1973 साली सिंहगडावरचं दूरदर्शनचं केंद्र सुरू झालं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले, तेव्हा नाना पिंपरीत एच. ए. कॉलनीत थोरल्या भावाच्या क्वार्टरमध्ये शिकायला होते. एच. ए. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 चा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. पिंपरीचं आजचं रूप यायला सुरुवात झाली ती तिथून. टेल्को, बजाज मागाहून आले. कॉलनीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या दारात चपलांचा ढीग. एक जण गच्चीवर अँटेना सिंहगडाकडे वळवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "थोडा अजून! गेला, गेला! आला!"

"आणि ज्याची सेकंड शिफ्ट असायची, त्याचं काय?" मी विचारलं.

"त्याला दुसऱ्या दिवशी कॉलनीत सांगायचो. आवाजासकट."

म्हणजे वहिनींचा धंदा जुनाच आहे.

नानांचा स्वतःचा रंगमंचही होता. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ 1953 सालचं. त्याच्या नाट्यस्पर्धेत कंपन्यांतले कामगार नाटकं करायचे, अजूनही करतात. टेल्कोत तर कामगारांचं कलासागर मंडळ आणि त्याचा दिवाळी अंकसुद्धा. नानांनी एका वर्षी फौजदार केला. नायक फर्स्टला, खलनायक सेकंडला, नायिका बाहेरून आणलेली आणि तिला नऊनंतर थांबता येत नाही, अशी तालीम. नायक आणि खलनायक एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते रंगीत तालमीला. "त्यामुळे वैर मात्र खरं वाटलं," नाना म्हणाले.

पण नानांचा जीव खरा बैलगाड्यांच्या शर्यतीत. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ इकडच्या यात्रा घाटाशिवाय, म्हणजे शर्यतीच्या चढाशिवाय, होत नाहीत. निमगावच्या खंडोबाचा घाट म्हटलं की काठी आपोआप उचलली जाते. भंडारा उधळलेला, पुढे घोडी, मागे बैल, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारं घड्याळ. आता हे सगळं यूट्यूबवर थेट दिसतं, त्यामुळे नाना निगडीत खुर्चीत बसून प्रत्येक बारीला, म्हणजे धावेला, उठबस करतात.

वहिनींनी त्यांना डिवचलं, "नाना, त्यात बघायचं काय हो? डोळ्याचं पातं लवलं की संपलं!"

"म्हणूनच तर! तुमची ती 'चार दिवस सासूचे' किती चालली?"

2001 ला सुरू झाली आणि 2013 च्या तोंडावर संपली. तीन हजारांवर भाग. नावात चारच दिवस होते.

"तुमची सासू अकरा वर्षं, आमची बारी अकरा सेकंद. आणि अकरा सेकंदांत जे रडायचं-हसायचं ते सगळं होऊन माणूस घरी."

फोनमधून लातूरची हसली आणि पोळी करपली असावी, कारण छत दिसायला लागलं.

वहिनी सोडतात होय? "तुमचं कोर्ट काय कमी चाललं का नाना? मधुभाऊंना नावं ठेवता!"

हे मात्र खरं. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. मग कायदा, मग पुन्हा स्थगिती, मोर्चे, तारखा. 2021 च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा कुठे विषय मिटला. नऊ वर्षं. या काळात ज्यांनी दावणीला बैल नुसते पोसले, त्यांच्या घरी काय संवाद झाले असतील, ते लिहायला कोणी मालिकावाला गेला नाही. (बैलांना त्रास होतो म्हणणाऱ्यांचंही मला अगदीच चूक वाटत नाही. पण हे मी नानांसमोर भिंतीवर बोलत नाही. शेजार टिकवायचा असतो.)

"तमाशाचं सांगा ना नाना," लातूरची परत आली होती. तिला हा विषय आवडतो. गावाकडच्या यात्रेची आठवण येते म्हणते.

चाकणहून नाशिकच्या रस्त्याने राजगुरुनगर, मंचर ओलांडलं की नारायणगाव. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. प्रयोग चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट नाना दर वेळी सांगतात आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतो. या वेळी मात्र वहिनी मध्येच म्हणाल्या, "तिला थांब म्हणणारं कोणी नव्हतं का हो?" नाना काही बोलले नाहीत. मलाही त्या गोष्टीला टाळ्या का पडतात, हे जरा नव्यानेच खटकलं.

विषय बदलायला म्हणून मी म्हटलं, "आपण सगळे मिळून एक नाटक बघू या."

आणि घोटाळा झाला.

नाट्यगृहं आमच्याकडे थोडी नाहीत. चिंचवडला रामकृष्ण मोरे, संत तुकारामनगरला अत्रे, भोसरीत अंकुशराव लांडगे, पिंपळे गुरवला निळू फुले, प्राधिकरणात गदिमा. 2024 च्या जानेवारीत 100 वं नाट्य संमेलन झालं तेही याच शहरात, जब्बार पटेल अध्यक्ष होते. त्याआधी 2016 मध्ये 89 वं साहित्य संमेलन, तेही नानांच्या एच. ए.च्या मैदानावर. कामगारांचं गाव, इथे कोण नाटक बघतं, असं नदीपलीकडून ऐकायचे दिवस गेले. मेट्रोने जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून बालगंधर्वलाही जाता येतं. अडचण नाट्यगृहाची नाही. अडचण सुट्टीची आहे.

वहिनींच्या मालकांना सुट्टी गुरुवारी. विजेचा भार एकाच दिवशी हलका आणि बाकी दिवशी जड होऊ नये म्हणून उद्योगांच्या सुट्ट्या भागवार वाटून दिल्या गेल्या, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. लातूरचीच्या नवऱ्याला रविवार. चांगली नाटकं शनिवार-रविवारी. आमच्या गुरुवारला कोणी विचारत नाही. एकदाच त्याला मान मिळाला, 19 ऑक्टोबर 2023 ला. गहुंज्याच्या मैदानावर विश्वचषकात भारत-बांगलादेश, आणि कोहलीने षटकार मारून स्वतःचं शतक आणि सामना एकदमच संपवला. सगळा देश ऑफिसात चोरून स्कोअर बघत होता आणि आमची भोसरी घरी गादीवर लोळत बघत होती. वहिनींचे मालक अजून सांगतात, त्या दिवशी मला कोणाला काही विचारावं लागलं नाही.

"मग रविवारी दुपारचा प्रयोग बघू," मी म्हटलं. "सेकंड शिफ्ट असेल तर मालकांना जमणार नाही, पण वहिनी, तुम्ही चला."

"आणि रात्री साडेबाराला सगळं नाटक मी सांगत बसू? तीन अंकी?"

"हल्ली दोनच अंक असतात."

"गाण्यांचं असलं तर मी गाणार नाही, आधीच सांगते."

"मी येते," फोनमधून लातूरची. "ह्यांना म्हणलं, चाकणहून निघायला चार तास आधी निघू."

नानांचा मात्र एकच प्रश्न होता. मध्यंतरात बटाटेवडा मिळतो का? मी म्हटलं, मिळतो. केवढ्याला? मी सांगितलं. नानांनी काठी भिंतीला टेकवली आणि अत्र्यांच्या नाटकाच्या वेळी वडा केवढ्याला होता इथपासून सुरुवात केली.